आखाड्यावरचे आबा

हिंगोली जिल्ह्यात तालुके पाचच आहेत, पण आबा मोजायला बसलात तर जनगणनेची माणसं कमी पडतील. कुणी त्यांना आबा म्हणतं, कुणी नाना, कुणी दादा, आणि निम्मं गाव गुरुजी म्हणतं. हाक कोणतीही मारा, वळून बघणारा माणूस तोच. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात दुसऱ्यांच्या लेकरांना पाढे शिकवायचे, आपली दोन शिकवून पुण्याला लावून द्यायची, आणि पेन्शन सुरू झाली की गावातल्या पक्क्या घराला कुलूप घालून शेतातल्या आखाड्यावर मुक्काम हलवायचा. हिंगोली शहरात पेन्शनपुरा नावाचा मोहल्ला आहे. निजामाच्या काळात इथे फौजेची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना ही वस्त्यांची नावं तेव्हाची आणि पेन्शनपुरा त्यांच्याच रांगेतला. म्हणजे निवृत्त माणसाची सोय या शहराने फार आधी लावून ठेवलेली. पण आबा तिथे प्लॉट घेत नाहीत. त्यांना आखाडाच पाहिजे.

आखाडा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, बाजूला कोठा, कोठ्यात एक म्हैस आणि ट्रॅक्टर आल्यापासून फक्त खायच्या कामावर असलेली बैलजोडी, समोर लिंबाचं झाड, झाडाखाली बाज आणि बाजेवर आबा. अंगात पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशात पेन, खांद्यावर टॉवेल, उशाशी बॅटरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी. हे आमचे आबा औंढा आणि वसमत यांच्या मधल्या पट्ट्यात राहतात, म्हणजे हळदीच्या मुलखात. नाव सांगण्यात अर्थ नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ते आपलेच आबा वाटणार आणि नसती भांडणं लागणार.

आबांना जगातलं सगळं जमतं. आडवं आलेलं वासरू सोडवतात, सातबाऱ्यावर वारस चढवतात, तलाठ्याच्या अर्जातलं शुद्धलेखन तपासतात. एक गोष्ट मात्र जमत नाही. पोराला फोन लावून "लेकरांना घेऊन ये, करमंना गेलंय" एवढं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. जन्मभर कर्ता, कर्म, क्रियापद शिकवलेला हा गृहस्थ या एका वाक्याचा कर्ता व्हायला तयार नाही. म्हणून ते मोटार बिघडवतात.

बुधवारी रात्री फोन जातो.

"काही नाही, सहज केला. मोटार उचलंना गेली."

"मग वायरमनला बोलवा ना, आबा."

"बोलवलता. म्हणायलाय, इंजिनिअरचं काम हाय."

पोरगा हिंजवडीत बसून कुठल्याशा अमेरिकन बँकेच्या सॉफ्टवेअरची देखभाल करतो. त्याने जन्मात स्टार्टरचं झाकण उघडलेलं नाही. तरी 'इंजिनिअर' हा शब्द वडिलांच्या तोंडून आला की तो शुक्रवारी रात्री गाडी काढतो. इकडे गावातल्या वायरमनला ताकीद गेलेली असते, "शनवारपस्तोर हात लावू नको. पोरगा यायलाय." वायरमन समजूतदार, त्याचाही भाऊ चाकणला आहे. शनिवारी संध्याकाळी तो वाट वाकडी करून आखाड्यावर येतो, पोराच्या हातात टेस्टर देतो, आबांनी सैल केलेली वायर स्वतः गुपचूप आवळतो, मोटार पाणी फेकते, आणि आबा बाजेवरूनच निकाल जाहीर करतात, "शेवटी शिक्षण वाया जात नाही."

मोटार दर महिन्याला बिघडवता येत नाही, शंका येते. त्यामुळे पिकांची करतात तशी आबा कारणांचीही फेरपालट करतात. एकदा बँकेची केवायसी, एकदा पीक विम्याचा फॉर्म, एकदा बांधावरून शेजाऱ्याशी बोलाचाली, एकदा कसलासा ओटीपी. ओटीपी फोनवरही सांगता येतो, त्यासाठी पुण्याहून माणूस बोलवावा लागत नाही, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं असं आबा आजही शपथेवर सांगतात.

त्यांचं सर्वांत मोठं यश मात्र निसर्गाच्या कृपेने पदरात पडलं. १० जुलै २०२४ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्हा हादरला. ४.५ रिश्टरचा धक्का. शेजारच्या नांदेड-परभणीतही जाणवला. या भागाला ते अगदीच नवीन नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीखालून गूढ आवाज येण्याचे प्रकार कैक वर्षं चालू आहेत. पण त्या सकाळी जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या आबांना पुण्याहून, मुंबईहून, एकेकाला तर थेट परदेशातून फोन आले. आमच्या आबांनाही आला.

"आबा, हादरा बसला का?"

"कसला हादरा? मला वाटलं म्हैस बाजेला अंग घासायलीय."

इथवर त्यांनी बाणा राखला. मग फोनवर पोराचा घाबरा आवाज ऐकताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "पण आता तू म्हणायलास तर... भिंतीला भेग दिसायलीय. मोठी हाय. येऊन बघून जा." भेग खरीच होती. खोली बांधली त्याच उन्हाळ्यात, गिलाव्याला पाणी कमी मारल्यामुळे पडलेली. पुढे दोन पावसाळे ती एकच भेग मुलाला दाखवली गेली, दर वेळी नव्या कोनातून.

आजीचा हिशेब अगदी उलटा. तिच्या हाती फोन गेला की ती सरळ म्हणते, "कधी यायलाव? माझं चित्त थाऱ्यावर नाही." आबा लगेच मागून ओरडतात, "त्यांना कामं हायत! काहून सारखं बोलावतीस?" पोराने फोन ठेवला की विचारतात, "काय म्हणला? यायलाय का?"

शनिवारी उजाडता उजाडता गाडी जिंतूर ओलांडून औंढ्याच्या रस्त्याला लागते. शेताकडे वळायच्या पांदीच्या तोंडाशी पहाटेच्या थंडीत टॉवेल डोक्याला गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन आबा उभे असतात. सून काच खाली करते. "आबा, एवढ्या थंडीत कशाला थांबलात?" आबा म्हणतात, "थांबलो कुठं? रोही हाकलायला आल्तो." रोही म्हणजे नीलगाय. आबांचं शेत तिथून अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि रस्त्यावर हाकलण्यासारखं एक कुत्रंही नसतं.

आता त्या कृषी दैनंदिनीविषयी. विद्यापीठाने ती छापली पेरणी, फवारणी, खतांच्या मात्रा लिहायला. आबांच्या दैनंदिनीत हे सगळं आहे, अक्षर फळ्यावरच्यासारखं टपोरं. पण एकदा आबांच्या सालगड्याने ती मला उघडून दाखवली, आणि माझ्या मनातला कृषिशास्त्राचा आदर जरा सरकला. ज्वारीच्या पेरणीच्या नोंदीसमोर पुण्यातल्या नातवाच्या शाळेच्या सुट्ट्या लिहिलेल्या होत्या. हुरड्याची ज्वारी त्यांनी एकदम पेरलीच नव्हती. एक पट्टा नाताळच्या सुट्टीत दुधावर यावा म्हणून आधी, एक संक्रांतीच्या बेताने, आणि एक पंधरा दिवस उशिरा, कारण २६ जानेवारी रविवारला जोडून येत होती. शेजारचे शेतकरी पाऊस आणि वाफसा बघून तिफण धरतात. आबा सीबीएसईचं वेळापत्रक बघून. मी विचारलं तर म्हणाले, "बी कमी पडलं, म्हणून राहिलं होतं थोडं. मग सहज पेरून टाकलं."

'सहज' या शब्दावर या माणसाचा सगळा प्रपंच चालतो.

हुरड्याचा कार्यक्रम मात्र ते सहज करत नाहीत. आगटी स्वतः खणतात, गोवऱ्या स्वतः रचतात, कणसं गड्याने आणली तर त्यातली अर्धी बाद करतात. नातवंडं भोवती बसली की भाजलेलं कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून गरम दाणे त्यांच्या ओंजळीत टाकतात, आणि सोबत पाठही चालू. दाणा दुधावर कधी येतो, निबर कधी होतो, कणीस किती भाजायचं. नात सहा वर्षांची. ती मन लावून ऐकते आणि विचारते, "आबा, याच्याबरोबर केचप आहे?" शेंगदाण्याची चटणी, तीळ-लसणाची चटणी, दही, गूळ, एवढा सरंजाम मांडून बसलेली आजी कपाळाला हात लावते. आबा मात्र गड्याकडे वळून हळूच विचारतात, "गावातल्या दुकानात मिळतंय का रे ते?" गडी सायकल काढतो. लाल बाटली आगटीच्या काठावर येऊन बसते. हुरड्याला केचप लावून खाणारं लेकरू दुसऱ्या कुणाचं असतं तर आबांनी त्याच्या बापाला शाळेत बोलावून घेतलं असतं.

सूनबाई सांगलीची. हे ध्यानात ठेवायचं, कारण आखाड्यावरचा एकमेव खरा संघर्ष त्यातून पेटतो. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ला, वसमतच्या हळदीला २०२४ला. मधली सहा वर्षं आबांनी खाली मान घालून काढली. लग्नाच्या बैठकीत सुनेच्या वडिलांनी सांगलीच्या हळदीचा विषय काढला होता, तो घाव वेगळा. २०२४ला बातमी आली तेव्हा आबांनी वर्तमानपत्राचं ते पान कोठ्याच्या दाराला चिकटवलं. म्हशीशिवाय ते फारसं कुणी वाचत नाही, पण सून आली की तिला म्हैस बघायला आवर्जून नेतात.

"बघ, मानांकन."

"छानच की, आबा. पण वाण कोणतं लावता तुम्ही?"

आबा गप्प. कारण शेतात उभं आहे सेलम, आणि सेलम हे गाव तमिळनाडूत आहे हे भूगोल शिकवलेल्या माणसाला नाकारता येत नाही.

"वाण कुठलंका असंना," ते शेवटी म्हणतात, "माती कुणाची?"

सून हसते. हळद निघायला अजून महिनाभर अवकाश असतो, पाला नुकता पिवळा पडायला लागलेला. तरी आबा कुदळ मागवतात, एक गड्डा उकरून नातवाच्या हातावर ठेवतात, मोडून आतला रंग दाखवतात. नातवाचे हात पिवळे, शर्ट पिवळा, आणि संध्याकाळपर्यंत सुनेच्या मोबाइलची काचही पिवळी. सुनेने सांगलीला आईला फोटो पाठवला. खाली काय लिहिलं ते आबांना कळलेलं नाही आणि तोच शनिवारच्या झोपेतला त्यांचा खडा.

मोबाइलला नेटची धड रेंज आहे ती फक्त विहिरीच्या कठड्यावर. पोरगा 'दोन मिनिटांत आलो' म्हणून तिथे चढतो आणि अमेरिकेतल्या साहेबाशी तास-तासभर बोलतो. "यू आर ऑन म्यूट" हे वाक्य त्या विहिरीने इतक्या वेळा ऐकलंय की आता आतली कबुतरंही दचकत नाहीत. आजी खालून ओरडते, "अरे, तोल जाईल!" आबा काही म्हणत नाहीत. पुढच्या खेपेला कठड्याला लोखंडी गज बसवलेले असतात. "वासरू पडायलं होतं म्हणून," असं त्याचं कारण.

आणि मग शनिवारची रात्र. खरे आबा बघायचे असतील तर शनिवारी रात्री बघावेत.

आठवडाभर हा माणूस रोह्यांच्या नावाने बोटं मोडतो. रोही कळपाने येतात, हरभऱ्याचे घाटे खातात, त्याहून जास्त तुडवतात. आबांनी त्यांच्यापायी वन खात्याला अर्ज लिहिले, पंचनामे करून घेतले, शेवटी पदरचे पैसे घालून कुंपणाला सोलरचं झटका मशीन बसवलं. मागच्या खेपेला नातवाने म्हटलं होतं, "आबा, मला नीलगाय बघायचीय. खरीखुरी." बस्स. शनिवारी अंधार पडला की आबा जेवता जेवता उठतात, "मशीनची बॅटरी बघून येतो" म्हणतात, आणि झटका बंद करून येतात. वर ओढ्याच्या बाजूचा कुंपणाचा एक खांबही आडवा करतात. हे मला गड्याने सांगितलं. गडी चिडलेला होता. हरभऱ्याची राखण हंगामभर तो करतो, रात्री-अपरात्री लाईट आली की पाणी तोच देतो, आणि मालकच रोह्यांना वाट करून देतो. "गुरुजी, पाडव्याला माझं साल संपायलंय," तो आबांना म्हणाला, "पुढच्या साली मला ठेवू नका, रोहीच ठेवा."

रात्री अकराला आबा नातवाला उठवतात. दोघं घोंगडी पांघरून मचाणावर. सून म्हणते सर्दी होईल, आजी म्हणते जाऊ दे. बारा वाजतात, साडेबारा वाजतात. एरवी हाकलूनही न जाणारे रोही नेमके आज गायब. आबांची तगमग बघवत नाही. वन खात्याला 'उपद्रवी वन्यप्राणी' म्हणून ज्यांच्याविरुद्ध टपोऱ्या अक्षरात अर्ज दिले, त्यांच्यासाठी ते औंढ्याच्या नागनाथाला साकडं घालतात. एकच्या सुमाराला ओढ्याकडून पाला खसखसतो. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकतात. एक, दोन, पाच, नऊ. मोठा नर काळपट निळा, बाकीच्या भुऱ्या. नातू आबांचा दंड घट्ट धरून बसतो.

"आबा, ते आपला हरभरा खातायत."

"खाऊ दे. पाव्हणे हायत."

सकाळी अर्धा एकर झोपलेला असतो. आबा धुऱ्यावर उभे राहून नुकसान बघतात आणि पंचनामा करायला निघाल्याच्या ऐटीत गावात जाऊन सगळ्यांना सांगतात, "नऊ होते. माझ्या नातवानं मोजले."

रविवारी सकाळी औंढा. नागनाथाचं दर्शन हा मुक्कामातला सक्तीचा तास. दगडी देऊळ, अंगभर कोरीव काम, आणि गाभारा जमिनीखाली. अरुंद पायऱ्यांवरून वाकून उतरावं लागतं, म्हणून लेकरांना ते देवळापेक्षा भुयारच वाटतं आणि दर्शन दोनदा होतं. बाहेर आल्यावर आबांमधले गुरुजी जागे होतात. नामदेव आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे, त्यांना गुरू भेटले विसोबा खेचर ते इथेच, नामदेवांना कीर्तनाला मागच्या बाजूला बसवलं तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, म्हणून नंदी मागे राहिला. नातू विचारतो, "अख्खं देऊळ कसं फिरेल?" आबा म्हणतात, "ज्याला गरज असती ना, तो फिरतो." हे बोलताना नजर पोराकडे. पोरगा पार्किंगच्या पावतीचे सुटे पैसे शोधत असतो.

औंढ्याजवळच दुधाळ्याच्या शिवारात लिगोची वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ला केंद्राने तिला २६०० कोटी मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, एकेक चार किलोमीटर लांब. त्यातून लेसर सोडायचा आणि दूरच्या विश्वात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी थरथर सुटते ती टिपायची. पहिली थरथर अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ला पकडली, ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. नळीच्या लांबीत पडणारा फरक अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनहूनही कितीतरी पटींनी बारीक. पोरगा हे सगळं गाडी चालवता चालवता मुलांना सांगतो, आणि फार छान सांगतो. आबा मागच्या सीटवर एकेक शब्द ऐकत असतात.

"म्हणजे तिथं कितीबी लांब कुणाला धक्का लागला, तरी हितं कळणार?"

"हो आबा."

"एवढं बारीक?"

"त्याहून बारीक."

"मग तसलं एखादं हिंजवडीत बसवा म्हणावं," आबा म्हणाले. "मला मागल्या महिन्यात चार दिवस ताप होता."

गाडीत थोडा वेळ फक्त इंजिनाचा आवाज.

पोराचाही जीव तुटतो, नाही असं नाही. पण आयटीतल्या माणसाचा जीव तुटला की तो स्प्रेडशीट करतो. दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी अंगावर आलेली असताना त्याने लॅपटॉप उघडून वडिलांपुढे योजना मांडली. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२०लाच आलंय. नोंदणी करायची, दोन खोल्या वाढवायच्या, पुण्या-मुंबईची माणसं येतील. हुरडा पार्टीचे दर, बैलगाडीच्या फेरीचे दर, मचाणावर रात्र काढायचे दर, आजीच्या हातच्या रोडग्यांचे वेगळे. नाव त्याने 'रँच' असं काहीतरी सुचवलं. आबांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत, वही तपासावी तसा वाचला.

"हुरडा, बैलगाडी, रोही, रोडगे," ते म्हणाले. "हे सगळं कालपासून तुम्हीबी घेतलंय. मग बिल काढू का?"

आजी चुलीपासून म्हणाली, "माझं राहू द्या. लेकरांकडून नका घेऊ. पोराकडून घ्या."

योजना तिथेच मिटली. लॅपटॉपवर मात्र ती जपून ठेवलेली आहे.

निघायची वेळ आली की आबा बोलायचे थांबतात आणि सामान भरायला लागतात. तुरीची डाळ, ज्वारी, हरभऱ्याचे रोह्यांनी ठेवलेले घाटे, गेल्या साली दळलेली हळद, तुपाची बरणी, एक भोपळा. सुनेला हळद देताना "सांगलीलाबी दे थोडी" हे वाक्य ठरलेलं. डिकी बसत नाही, आबा गुडघा लावून बसवतात. "सावकाश जा" एवढंच म्हणतात आणि लगेच पाठ फिरवून गड्यावर ओरडायला लागतात, काही कारण नसताना.

गाडी जिंतूरला पोचते न पोचते तोच फोन. "तुमचं एक राहिलंय हितं." नातवाचा एक बूट. मागच्या वेळी पोराचा चष्मा राहिला, त्याआधी नातीची पाण्याची बाटली. आता विसरणं समजू शकतो. पण एकच बूट? आखाड्याच्या आतल्या खोलीत बाजेखाली एक पत्र्याची पेटी आहे, कुलूपवाली, आणि किल्ली आबांच्या करगोट्याला. आजी सगळं जाणून आहे. सामान भरण्याच्या गडबडीत आबा दर खेपेला एक वस्तू टॉवेलखाली घालतात आणि कोठ्याकडे निघून जातात. वस्तू पोस्टाने का पाठवत नाही म्हणून एकदा पोराने विचारलं, तर पोस्टावर आपला भरवसा नाही म्हणाले. पेन्शन बरीच वर्षं पोस्टातूनच येत होती.

यंदा जरा वेगळं घडलं. गाडी गेल्यावर आबांनी टॉवेलखालून काढून बूट पेटीत ठेवला, तर उशीजवळ, नीट गुंडाळून, लॅपटॉपचा चार्जर. आबा चक्रावले.

"हे मी नाही ठेवलं," ते आजीला म्हणाले.

"ठाव हाय मला. सुनंनं ठेवलंय. मी बघितलं तिला ठेवताना."

आबांनी चार्जर हातात घेऊन उलटापालटा करून बघितला, वायर ओढून बघितली, वजनाचा अंदाज घेतला.

"अनुभव नाही तिला," ते म्हणाले. "ही वस्तू पुण्यात लगेच दुसरी मिळती. तिला म्हणावं, पुढच्या टायमाला किल्ल्या ठेव."